गर्दीने रिकामे केलेले बोगदे

अवशेष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पराभव उभा राहतो. हंपीचे भंगलेले मंडप, वसईच्या किल्ल्यातली छप्पर उडालेली चर्चं, लालबाग-परळमधली धूर न ओकणारी एखादी उरलीसुरली चिमणी. प्रत्येकामागे कुणाची तरी हार आहे, रणातली नाहीतर बाजारातली. जागा ओस पडली म्हणजे तिथे काहीतरी बुडालं असणार, हे आपण न तपासता मान्य करून टाकतो.

हा समज तपासायला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक उत्तम जागा आहे. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पोटात रेज हिल आणि सायडलिंग हिल नावाचे महामार्गाचे दोन बोगदे १९६८ पासून बंद आहेत. त्यांना जोडणारा जवळपास २१ किलोमीटरचा चौपदरी रस्ताही त्यांच्याबरोबरच सोडून दिलेला आहे. डांबराला भेगा पडल्या आहेत, भेगांतून गवत आलं आहे आणि बोगद्यांच्या तोंडावरचं काँक्रीट रंगीबेरंगी ग्रॅफिटीखाली गेलं आहे. ओसाड जागा धुंडाळत हिंडणाऱ्या छायाचित्रकारांची ही आवडती ठिकाणं. त्यांचे फोटो पाहिले तर वाटतं, इथे एखादी संस्कृती लयाला गेली. प्रत्यक्षात इथे काहीच बुडालं नाही. डोंगर खचला नाही, पाणी शिरलं नाही, रस्त्याचा धंदाही बसला नाही. धंदा इतका चालला की बोगदे पुरेनात, म्हणून ते टाकले गेले.

हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं, कारण हे बोगदे एकदा नव्हे, दोनदा टाकले गेले आहेत.

पहिल्या वेळी ते रेल्वेसाठी खोदले जात होते. १८८३ मध्ये न्यू यॉर्क सेंट्रलचा मालक विल्यम एच. व्हँडरबिल्ट याने पेनसिल्व्हेनिया रेलरोड या प्रतिस्पर्धी कंपनीच्या मुलखात घुसून साउथ पेनसिल्व्हेनिया रेलरोड नावाचा नवा मार्ग टाकायला घेतला. पोलादाच्या धंद्यातला अँड्र्यू कार्नेगी त्याच्या बाजूने होता, कारण एकाच रेल्वे कंपनीच्या दरांपुढे मान तुकवून तोही कंटाळला होता. वाटेत डोंगरांच्या ओळीच्या ओळी आडव्या होत्या, तेव्हा नऊ बोगद्यांची कामं सुरू झाली. दोन वर्षं डोंगर फुटत राहिले. मग १८८५ मध्ये जे. पी. मॉर्गनने भांडणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना आपल्या ‘कॉर्सेअर’ नावाच्या नौकेवर एकत्र बसवलं आणि समेट घडवून आणला. एकमेकांच्या मुलखात शिरायचं नाही, असं ठरलं. बोगद्यांचं काम थांबलं. अर्धवट भोकांत पाणी साचू लागलं आणि लोक त्यांना ‘व्हँडरबिल्टचा वेडेपणा’ म्हणू लागले.

समेट झाला त्या दिवशी डोंगरातला खडक आदल्या दिवसाइतकाच कठीण होता. छिन्नी-सुरुंग घेऊन आत उतरणाऱ्या मजुरांना कामात कसलीही नवी अडचण आलेली नव्हती. निर्णय पाण्यावर तरंगणाऱ्या एका दिवाणखान्यात झाला आणि त्याचा परिणाम डोंगराच्या पोटात दिसला.

दुसरा जन्म मंदीच्या काळातला. १९३७ मध्ये टर्नपाइक, म्हणजे टोलरस्ता, बांधण्यासाठी पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक कमिशन स्थापन झालं. त्या काळी पूर्व-पश्चिम जाणारा लिंकन हायवे या डोंगरांत ठिकठिकाणी नऊ टक्क्यांपर्यंत चढत होता. हिवाळ्यात त्यावरून ट्रक नेणं जिवावरचं काम होतं. रेल्वेला मात्र असले चढ चालत नाहीत, म्हणून व्हँडरबिल्टच्या अभियंत्यांनी आखलेली वाट सौम्य होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या वेडेपणाला अचानक शहाणपणाचा मान आला. ‘न्यू डील’च्या काळातलं केंद्र सरकारचं अनुदान आणि कर्ज मिळालं, १९३८ च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर १९४० ला अर्विन ते कार्लाइल असा सुमारे २५७ किलोमीटरचा टर्नपाइक वाहनांना खुला झाला. वाटेत सिग्नल नाही, चौक नाही, तीन टक्क्यांहून जास्त चढ नाही आणि सुरुवातीला वेगमर्यादाही नाही. सात बोगदे होते. त्यांतले सहा जुन्या रेल्वेच्याच भोकांतून तयार केलेले. फक्त अ‍ॅलिगेनी डोंगरात जुनं भोक धड नव्हतं म्हणून शेजारी नवं खोदलं.

सरकारी अंदाज असा होता की वर्षाला १३ लाख वाहनं या रस्त्याने जातील. सुरुवातीलाच ती २४ लाखांवर गेली. इथे वारशाने मिळालेल्या भोकांची दुसरी बाजू समोर आली. बाहेरचा रस्ता चौपदरी, पण बोगद्यात जायला एक पदर आणि यायला एक. महायुद्ध संपलं, गाड्या वाढल्या आणि सुटीच्या दिवशी बोगद्यांच्या तोंडाशी लांबच लांब रांगा लागू लागल्या. ज्या वाटेने डोंगर जिंकला, तीच वाट आता घसा आवळू लागली.

१९६० च्या दशकात कमिशनने डोंगरागणिक हिशेब मांडला. अ‍ॅलिगेनी, टस्करोरा, किटाटिनी आणि ब्लू या चार डोंगरांत जुन्या बोगद्याशेजारी दुसरा बोगदा खोदणं परवडणारं ठरलं. ते बोगदे आजही रोज वाहनं गिळतात. लॉरेल हिल, रेज हिल आणि सायडलिंग हिल या तिघांच्या बाबतीत डोंगरावरून किंवा डोंगर कापून नवा रस्ता नेणं बरं पडलं. तोवर इंजिनं ताकदवान झाली होती, माती हलवणारी यंत्रं अवाढव्य झाली होती आणि चढाचं भय उरलं नव्हतं. लॉरेल हिल १९६४ मध्ये सुटला. रेज आणि सायडलिंग १९६८ च्या नोव्हेंबरात सुटले.

सात भावंडांतल्या चौघांना जोडीदार मिळाले आणि तिघांना निरोप. निरोप मिळालेल्यांत काही खोट होती का? सायडलिंग हिल तर सातांत सर्वांत लांब, सुमारे दोन किलोमीटर. रेज हिल सर्वांत छोटा, किलोमीटरहून जरा जास्त. म्हणजे लांबीनेही निकाल लागला नव्हता. ‘निरुपयोगी’ हा वस्तूचा गुण नसतोच. तो एखाद्या हिशेबाच्या तळाशी मारलेला शेरा असतो. १८८५ च्या हिशेबात हे बोगदे निरुपयोगी ठरले, १९३८ च्या हिशेबात अमूल्य ठरले, १९६८ च्या हिशेबात पुन्हा निरुपयोगी. भोक तेच, डोंगर तोच. बदलत होती ती आपली घाई आणि तिची किंमत मोजण्याची पद्धत.

फोटोंबद्दल जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं.

माझा एक भाचा हॅरिसबर्गला असतो. सुटीच्या दिवशी कॅमेरा आणि तिपाई घेऊन पडक्या जागा शोधत फिरण्याचा त्याला नाद आहे. त्याच्याबरोबर मी सायडलिंग हिलच्या बोगद्यात गेलो. बाहेर उन्हाळ्याचा उकाडा आणि तोंडातून आत दहा पावलं गेलो नाही तोच अंगावर काटा आणणारा गारवा. सायडलिंग हिल मध्यावर किंचित उंच आहे, त्यामुळे एका तोंडाशी उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा उजेड दिसत नाही. आत अंधार म्हणजे निव्वळ अंधार. असल्या ठिकाणी शटर काही मिनिटं उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्या वेळात कुणीतरी विजेरी घेऊन भिंतींवर उजेड फिरवत चालावं लागतं. ते काम माझ्याकडे आलं. एका जागी भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ दिसले म्हणून मी रेंगाळलो, तर मागून आवाज आला, “मामा, थांबू नका, चालत राहा. थांबलात तर फोटोत याल.”

फोटो सुरेख आला. छताच्या रेषा एका बिंदूकडे धावताहेत, भिंती ओल्या चमकताहेत आणि माणूस नावालाही नाही. ज्याने उजेड पाडला तो कुठेच नाही. भाच्याचं कौशल्य वादातीत, पण मला त्या चित्रातली ओसाडी खटकू लागली. ती सगळी बोगद्यातली नव्हती. तिचा बराचसा भाग शटरच्या वेळेतून आलेला होता.

छायाचित्रणाच्या जन्मापासून ही गोष्ट त्याच्या पाठीशी आहे. १८३८ च्या सुमारास लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचं चित्र टिपलं. रस्ता वर्दळीचा होता, घोडागाड्या धावत होत्या, माणसं चालत होती. पण त्या काळच्या तंत्राला प्रकाश गोळा करायला मिनिटं लागत, त्यामुळे जे जे हललं ते ते पुसलं गेलं. रस्ता निर्मनुष्य दिसतो. दिसतो तो फक्त कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक गृहस्थ. माणसाचं छायाचित्र म्हणून ज्याचा मान पहिल्यांत मोजला जातो, त्याला तो मान मिळाला तो केवळ एका जागी उभा राहिल्यामुळे.

या बोगद्यांतून २८ वर्षं गाड्या गेल्या. त्या सगळ्या हलत होत्या. त्यांच्याआधी ज्यांनी खडक फोडला ते मजूर काम संपताच दुसऱ्या कामावर गेले. आज सायकलवाले येतात आणि जातात. शटर जितका वेळ उघडं ठेवाल तितकी माणसं पुसली जातात आणि इतिहासाचं शटर फार वेळ उघडं असतं. वर्दळीने हे बोगदे एकदा प्रत्यक्षात रिकामे केले. ती वर्दळ पुसून टाकून कॅमेरा त्यांना पुन्हा एकदा रिकामे करतो. पहिलं रिकामेपण गर्दी असह्य झाली म्हणून आलं, हे मात्र दुसऱ्यात दिसेनासं होतं. उरतो तो शोक, आणि तोही चुकीच्या मयताचा.

या शोकाला बाजारात मोठी मागणी आहे. कॉरमॅक मॅकार्थीच्या ‘द रोड’ या कादंबरीवर २००९ मध्ये चित्रपट आला. जग जळून गेल्यानंतर एक बाप आणि त्याचा मुलगा रस्त्याने चालत राहतात, अशी ती गोष्ट. तिचं काही चित्रीकरण याच सोडलेल्या टर्नपाइकवर झालं. दिग्दर्शकाची निवड अचूकच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंमत बघा, जगबुडीनंतरचं जग म्हणून जे दाखवलं, ते रहदारी वाढल्यामुळे सुटलेलं होतं आणि तिथून जवळच नव्या मार्गावर ट्रक अखंड धावत होते. जगबुडीचा देखावा उभा करायला आपल्याला भरभराटीचीच टाकलेली वस्तू वापरावी लागली.

याच पट्ट्याच्या पश्चिम टोकाशी ब्रीझवुड नावाचं छोटंसं गाव आहे. न्यू जर्सीहून पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराला गाडीने जाणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याची पाटी ओळखीची असेल. तिथे आंतरराज्य महामार्ग ७० आणि टर्नपाइक यांची थेट गाठ पडत नाही. टोलरस्त्याला जोडण्यासाठी केंद्राचा पैसा वापरण्यावर त्या काळच्या कायद्याने बंधनं होती. त्यामुळे एका महामार्गावरून दुसऱ्यावर जायला गावाच्या रस्त्यावर उतरून सिग्नल ओलांडावे लागतात. या सक्तीच्या थांब्यावर पेट्रोलपंप, मोटेलं आणि खाद्यगृहांच्या पाट्यांचं रान माजलं. २००८ मध्ये कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी ते टिपलं. पाट्यांवर पाट्या, ट्रकवर ट्रक. आजच्या अमेरिकेच्या बकालपणाचा पुरावा म्हणून तो फोटो इंटरनेटवर अजूनही फिरत असतो.

म्हणजे काही मैलांच्या अंतरावर दोन प्रसिद्ध देखावे. एकात दूरच्या भिंगाने अंतरं दाबून गर्दी आणखी दाट केलेली. दुसऱ्यात शटर उघडं ठेवून माणूस पुसलेला. एक पाहून आपण म्हणतो, किती ही हाव! दुसरा पाहून म्हणतो, किती हे एकाकीपण! दोन्ही उद्गार जागेविषयी कमी आणि चौकटीविषयी जास्त सांगतात. त्या गर्दीमागे कायद्यातलं एक बंधन आहे, त्या रितेपणामागे बांधकामखर्चाचा एक तुलनात्मक हिशेब आहे, आणि दोन्ही फोटोंत कागद दिसत नाही.

मग काय, फोटो काढूच नयेत? उलट, मला तर वाटतं की अशा जागी कॅमेऱ्याइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही. फक्त त्याने शोक करण्याऐवजी वाचायला शिकावं.

वाचण्याजोगं तिथे भरपूर आहे. गाडीतून जाणाऱ्याला बोगद्याचं जे छत दिसे ते खरं छत नव्हतंच. ती काँक्रीटची आडवी पाटण होती आणि तिच्या वर हवा खेळवण्याची पोकळी. तोंडावरच्या इमारतीतले पंखे त्या पोकळीत ताजी हवा ढकलत आणि ती झरोक्यांतून खाली रस्त्यावर उतरे. म्हणजे बोगद्याच्या माथ्यावर श्वासनलिका बसवलेली होती. सायडलिंग हिलला दोन्ही टोकांना पंख्यांच्या इमारती आहेत. रेज हिलला फक्त पश्चिमेला. त्याचं पूर्वेचं तोंड त्यामुळे बसकं, साधं, जवळपास संकोचलेलं दिसतं. अंतर कमी, तेव्हा एका बाजूने हवा पुरेशी होती. छायाचित्रकार पूर्वेच्या त्या तोंडाकडे फारसे वळत नाहीत, कारण ते भव्य नाही. पण काटकसरीचं एवढं स्पष्ट विधान दुसऱ्या कुठल्या भिंतीवर सापडणार?

भिंतींवरचे चुन्याचे ओघळ वाचा. पाणी काँक्रीटमधून झिरपताना त्यातला चुना विरघळवून आणतं आणि हवा लागताच तो बाहेर घट्ट होतो. गुहांतल्या लोंबत्या झुंबरांसारखी त्याची छोटी रूपं छतालाही लटकतात. डोंगर काही केल्या कोरडा होत नाही आणि बोगदा जिवंत ठेवणं म्हणजे पाण्याशी रोजची बोलणी करणं, हे त्यांत लिहिलेलं आहे. सायडलिंग हिलचा मध्य उंच ठेवला तो याच्याचसाठी. दोन्हीकडे उतार दिला की पाणी आपोआप बाहेर पडतं. आत शिरल्यावर पलीकडचा उजेड न दिसणं हा जो रोमांच म्हणून सांगितला जातो, तो खरं तर गटाराच्या उताराचा परिणाम आहे. हे कळल्याने रोमांच उणावत नाही. मला तरी तो वाढलेला वाटला.

आणि वापर वाचा. सोडून दिला म्हणजे रस्ता मेला, असं कमिशनने कधी मानलंच नाही. झोपाळू चालकाला जागं करणाऱ्या, रस्त्याच्या कडेच्या खडखडणाऱ्या खाचांच्या चाचण्या याच पट्ट्यावर झाल्या. आज जगभरच्या महामार्गांच्या कडेला चाक गेलं की जो गडगडाट होतो, त्याच्या इतिहासातलं एक पान या ‘मेलेल्या’ रस्त्यावर लिहिलं गेलं. तिसऱ्या भावाची, लॉरेल हिलची कथा तर याहून बोलकी. तो लोकांना खुला नाही. सुमारे १.४ किलोमीटरच्या त्या नळीत वारा नाही, पाऊस नाही, ऊन नाही. हवेचा गाडीला होणारा विरोध मोजायला याहून स्थिर हवा कुठे मिळणार? चिप गनासी रेसिंग या मोटर-शर्यतींच्या संघाने तो घेतला आणि आत गाड्यांच्या चाचण्या सुरू केल्या. तेही सुरुवातीला मोठ्या गुपचूपपणे, कारण शर्यतीत सेकंदाचा अंशही कुणी फुकट वाटत नाही. तिघांपैकी ज्याचे फोटो सर्वांत कमी निघतात, तोच सर्वांत जास्त कामात आहे.

वाचणाऱ्या कॅमेऱ्याने मालकीही वाचावी. १९६८ मध्ये रस्ता सुटला आणि २००१ मध्ये कमिशनने त्याचा मोठा तुकडा सदर्न अ‍ॅलिगेनीज कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला एका डॉलरला दिला. सायकलवाटेची कल्पना तिथून आकाराला आली. एका डॉलरचा हा व्यवहार भावनेचा वाटतो, पण तोही हिशेबच आहे. जमीन आणि तिच्यावरचं ओझं एकत्र विकायचं तर किंमत एवढीच येते. मधली ३३ वर्षं बोगदे कागदावर एकाचे आणि प्रत्यक्षात कुणाचेच नव्हते. ग्रॅफिटीचे थर चढत गेले. ‘मी इथे होतो’ असं भिंतीवर लिहिणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. ज्यांचं नाव सातबारावर होतं ते तरी इथे कुठे होते?

ओसाड जागा धुंडाळणाऱ्यांत एक अलिखित शिस्त असते: फोटोंखेरीज काही न्यायचं नाही, पाऊलखुणांखेरीज काही ठेवायचं नाही. शिस्त चांगली आहे. भंगारवाले आणि नासधूस करणारे यांच्यापासून ती हौशी मंडळींना वेगळं काढते. तरी ती मला थोडी आत्मसंतुष्ट वाटते. फोटो नेणं म्हणजे काहीच न नेणं, हे तिच्यात गृहीत आहे. वास्तविक फोटो जागेला तिच्या कारणांपासून तोडून नेतो. तिचं दुःख तेवढं घेतो आणि तिचा खर्च मागे ठेवतो. निखळणारं छत, बुजलेल्या मोऱ्या, अंधारात पडून पाय मोडणाऱ्याची जबाबदारी, हे सगळं बेडफर्ड आणि फुल्टन या दोन छोट्या, ग्रामीण काउंट्यांच्या पदरात राहतं. सौंदर्य पाहुण्यांचं आणि देखभाल यजमानांची.

हे सगळं परक्या मुलखातलं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं, पण महाराष्ट्रात सध्या बोगद्यांचा काळ आहे. कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बोरघाट टाळण्यासाठी ‘मिसिंग लिंक’ आखली गेली. खंबाटकीत वर्षानुवर्षं पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहनं घाट चढत आली आणि येणारी वाहनं बोगद्यातून. तिथे शेजारी तीन-तीन पदरांचे नवे जुळे बोगदे खोदले गेले. कारण तेच, जे पेनसिल्व्हेनियात होतं: रहदारीने जुन्या वाटेचा गळा धरला. याच बोरघाटात रेल्वेचं एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १८६३ पासून गाड्या तिथे थांबून इंजिनाची दिशा बदलत आणि पुढचा चढ चढत. १९२९ मध्ये नवा मार्ग आला आणि ते स्टेशन इतिहासजमा झालं. आपल्यालाही वाटा टाकायची सवय नवी नाही.

प्रत्येक नवा बोगदा कुठल्या तरी जुन्या वाटेला निवृत्त करतो. नव्याच्या उद्घाटनाची तारीख, खर्च, वाचणारी मिनिटं यांची चर्चा वर्तमानपत्रांत रंगते. जुन्याच्या निवृत्तीची चर्चा क्वचितच होते. घाटातला एखादा बोगदा दुय्यम झाला तर तो पर्यायी रस्ता राहणार, आपत्कालीन वाट होणार, सायकलींना मिळणार की कुलूप लागून दारूच्या बाटल्यांचं कोठार होणार, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ठरवलं नाही तर तेही एक ठरवणंच असतं. फक्त त्याखाली कुणाची सही नसते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात त्या सहीला ३३ वर्षं लागली. आपल्याकडे पावसाळा जास्त, डोंगर ठिसूळ आणि माणसं दाटीने राहणारी, तेव्हा आपल्याला इतका अवकाश मिळणार नाही. नव्या रस्त्याच्या आराखड्यातच जुन्या रस्त्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च धरला तर बिघडलं कुठे? माणसाच्या नोकरीत निवृत्तिवेतनाची तरतूद पहिल्या दिवसापासून होते. रस्त्याने काय घोडं मारलंय?

हौशी छायाचित्रकारांनी इथे मोठं काम करण्यासारखं आहे, कारण सोडलेल्या जागांकडे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा तेच जातात. वर्षावर्षाने एकाच कोनातून घेतलेला मोरीचा फोटो, वाढत जाणाऱ्या भेगेचा फोटो, गळक्या सांध्याचा फोटो हे भिंतीवर टांगण्यासारखे नसतील, पण ते अभियंत्याच्या टेबलावर ठेवता येतील. सुंदर फोटोलाही मी नाही म्हणणार नाही. भाच्याने काढलेला तो माझ्याकडेही आहे. पण कुणी असल्या बोगद्याचा फोटो कौतुकाने पुढे केला तर ‘किती उदास!’ असं म्हणण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत: याचा मालक कोण, छत कोण तपासतं आणि आतलं पाणी कुठून बाहेर पडतं? ज्याला उत्तरं ठाऊक असतील त्याने जागा पाहिली. ज्याला नसतील त्याने फक्त अंधार पाहिला, आणि अंधार काय, लेन्सवर झाकण ठेवूनही टिपता येतो.